ख्रिस्ती जीवनातील त्याग आणि आपण बौद्ध उपासक
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त उत्रोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने जेव्हा आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, ‘ख्रिस्ती लोकांचा त्याग’. समितीतले एक तरुण कार्यकर्ते जरा चमकले. म्हणाले, ‘सर, वर्धापनदिन बुद्ध विहाराचा, आणि तुम्ही येशूवर बोलणार?’ त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तर देऊनच पुढे जाऊ. दहा पारमितांमध्ये नेक्खम्म, म्हणजे त्याग, ही एक पारमिता आहे. ती आपण वंदनेच्या पुस्तकात वाचतो, प्रवचनात ऐकतो. पण आम्ही ती पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली ती एका ख्रिस्ती घरात. ते घर परक्याचं नव्हतं. आमच्या सख्ख्या आत्याचं होतं.

आत्याला नगरकडे दिली होती. नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. लग्नानंतर काही वर्षांनी तिच्या सासरची मंडळी ख्रिस्ती झाली. मामा एका शाळेत शिपाई होते. इकडे १९५६ नंतर आमच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली. मग बहीण-भावात थोडा दुरावा आला. दोघंही आपापल्या जागी पक्के. तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा पोरांना तिच्याकडे धाडत असत.

तिथं आम्ही एक गोष्ट पाहिली. मामांचा पगार झाला की आत्या तो चटईवर मांडायची आणि सगळ्यात आधी त्यातला दहावा हिस्सा उचलून पत्र्याच्या डब्यात टाकायची. वाण्याची उधारी नंतर, रॉकेल नंतर, पोरांच्या वह्या नंतर. ख्रिस्ती लोक याला दशांश म्हणतात. रोज भाकरी थापायच्या आधी एक मूठ पीठ वेगळ्या मडक्यात जायचं. ते आठवड्याला गरजूच्या घरी. एकदा आम्ही विचारलं, ‘आत्या, आपल्यालाच पुरत नाही, मग हे कशाला?’ ती म्हणाली, ‘बाळा, उरल्यावर द्यायचं ठरवलं तर कधी उरतच नाही.’ बंधूंनो, आज इतकी वर्षं झाली, पण एवढ्या सोप्या शब्दांत तृष्णा आम्हाला दुसऱ्या कुणी समजावून सांगितली नाही.

आता ख्रिस्ती धर्मात या त्यागाचं मूळ काय ते थोडक्यात पाहू. बायबलात एक गोष्ट आहे. एक श्रीमंत तरुण येशूकडे येतो. सगळे नियम आपण लहानपणापासून पाळतो, असं सांगतो. येशू त्याला म्हणतो की तुझ्यात एकच उणीव आहे. जे आहे ते विकून गरिबांना दे आणि मग माझ्यामागे ये. तो तरुण खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याच्याकडे पुष्कळ मालमत्ता होती. लक्षात घ्या, त्या तरुणाला कुणी वाईट म्हटलेलं नाही. तो चोर नव्हता, खोटारडा नव्हता. फक्त त्याच्या वस्तूंनीच त्याला धरून ठेवलं होतं.

ही गोष्ट ऐकून इजिप्तमध्ये तिसऱ्या शतकात अँथनी नावाच्या तरुणाने आपली जमीन देऊन टाकली आणि तो वाळवंटात जाऊन राहिला. तेराव्या शतकाच्या आरंभी इटलीतल्या असिसीच्या फ्रान्सिसने, एका कापड व्यापाऱ्याच्या मुलाने, बापाची संपत्ती सोडली आणि महारोग्यांची सेवा केली. पुढे ख्रिस्ती मठांमध्ये निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं रूढ झाली. आपले भिक्खू चीवर आणि पात्र घेऊन निघतात, त्याच्याशी याचं साम्य आहे हे कुणालाही दिसेल. फरकही आहे, तो पुढे सांगतो.

पण इजिप्त आणि इटली फार लांब. आपण आपल्या वाटेवरचंच उदाहरण घेऊ. कापूरहोळला पुणे-सातारा रस्त्याला लागलं आणि खंबाटकी घाट ओलांडला की पुढे सातारा. त्या साताऱ्यात १९१७ साली एका मराठी माणसाने ख्रिस्ती संन्यास घेतला. त्यांचं नाव नारायण वामन टिळक. हे लोकमान्य नव्हेत. हे कवी टिळक. जन्म कोकणातल्या करजगावचा, ६ डिसेंबर १८६१ चा. ६ डिसेंबर ही तारीख आपल्या काळजावर कोरलेली आहे, म्हणून ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

टिळक जन्माने ब्राह्मण. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नातेवाईक तुटले, जात तुटली. पुढे त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं, ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी भागाचं संपादन केलं, भक्तिगीतं लिहिली. ती आजही मराठी चर्चमध्ये गायिली जातात. म्हणजे पगार होता, मान होता, नावामागे रेव्हरंड ही पदवी होती. आणि वयाच्या पन्नाशीनंतर, जेव्हा माणूस बूड टेकायला बघतो, तेव्हा त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसंघ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. येशूवर प्रेम करणारा कोणीही यावा, एवढीच अट. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले.

आम्हाला यात महत्त्वाचं वाटतं ते हे. टिळकांनी दोनदा सोडलं. पहिल्यांदा जातीचा मोठेपणा सोडला. तो सोडल्यावर जो नवा मोठेपणा मिळाला, मिशनचा, पदवीचा, पगाराचा, तोही सोडला. पहिला त्याग अवघड असतोच. पण त्यागातून मिळालेली प्रतिष्ठा सोडणं त्याहून अवघड. आपल्यातसुद्धा आयुष्यभर समाजकार्य केलेला माणूस शेवटी स्टेजवरच्या खुर्चीसाठी भांडताना आपण पाहतो की नाही? इथे सगळे हसले, म्हणजे पाहिलेला आहे!

आता भगिनींसाठी एक गोष्ट. टिळक घर सोडून जात तेव्हा घर कोण चालवत होतं? लक्ष्मीबाई. १८९५ ला नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांची संमती कुणी घेतली नव्हती. पदरात लहान मूल. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. नवऱ्याच्या हातात पैसा टिकत नसे, आला की गेला. त्या माऊलीने पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, ती १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. ज्यांना जमेल त्यांनी ते पुस्तक जरूर वाचावं. हसू येतं आणि वाचता वाचता डोळेही पुसावे लागतात. एकाच्या त्यागाचं बिल दुसऱ्याच्या नावावर कसं फाटतं, हे त्यात दिसतं. आपल्याला हे नवीन नाही. बाबासाहेब परदेशात शिकत होते तेव्हा मुंबईत माता रमाईने काय काय सोसलं, हे आपल्या घराघरांत सांगितलं जातं. म्हणून आम्ही म्हणतो, पुरुषाने त्यागाची गोष्ट करताना आधी घरातल्या बाईला विचारावं.

पण लक्ष्मीबाई नुसत्या सोसत बसल्या नाहीत. त्यांच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचा कहर होता. त्या स्वतःही विटाळ कडक पाळत. ख्रिस्ती होण्याच्या आधीच त्यांनी स्वतःशी विचार केला की ही जात देवाने केली की माणसाने? आणि माणसाने केली असं मनाला पटल्यावर त्यांनी ती सोडून दिली. कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. नंतर, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बंधूंनो, पैसा सोडणारे पुष्कळ भेटतात. पण ‘मी वरचा’ ही भावना सोडणारे? आपण ज्या घावातून आलो त्या घावाचं औषध हेच होतं, आणि ते एका अल्पशिक्षित बाईला सापडलं.

आपल्याच जिल्ह्यातलं दुसरं नाव पंडिता रमाबाईंचं. दौंड तालुक्यातलं केडगाव आपल्यापैकी अनेकांनी रेल्वेतून पाहिलं असेल. रमाबाई संस्कृतच्या पंडिता. १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. मग अमेरिकेत गावोगाव भाषणं केली. मनात आणलं असतं तर तिकडेच सुखात राहता आलं असतं. त्या परत आल्या आणि १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, अनाथ मुली गोळा करून आणल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. पुढच्या दुष्काळात तिथल्या बाया-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथे मुली शेती करत, विणत, शिवत, छापखाना चालवत. रमाबाईंनी शेवटची अनेक वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या.

हे सांगायचं कारण असं की वैराग्य म्हणजे डोळे मिटून कोपऱ्यात बसणं, असा एक गैरसमज आहे. रमाबाईंचं वैराग्य दोन हजार माणसांच्या भाकरीची व्यवस्था बघत होतं. स्वतःची हाव सुटली की हात मोकळे होतात, आणि मोकळ्या हातांना काम दिसतं.

आता खरी कसोटीची गोष्ट. कुणीतरी उठून विचारेल, ‘सर, टिळक, रमाबाई हे उच्च कुळातले. त्यांच्याकडे होतं, त्यांनी सोडलं. आमच्याकडे होतंच काय? हजारो वर्षं आम्हाला सक्तीनेच वैरागी केलं होतं की!’ हा प्रश्न अगदी बरोबर आहे. आणि याचं उत्तर खुद्द बाबासाहेबांनी देऊन ठेवलं आहे. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात बुद्ध आणि त्यांच्या धम्माचं भवितव्य या विषयावर त्यांनी लेख लिहिला. धर्माला कोणत्या कसोट्या लावाव्यात हे त्यात सांगितलं आहे. त्यातली एक कसोटी अशी, की धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये. ज्याच्याकडे आहे त्याने ते सोडणं ही चांगली अवस्था असू शकते, पण दारिद्र्य ही कधीच चांगली अवस्था असू शकत नाही, असा त्या म्हणण्याचा भावार्थ. उपाशी माणसाला ‘तू धन्य आहेस’ असं सांगणं हे बाबासाहेबांना मान्य नव्हतं. आणि ज्या धर्मगुरूंनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, गरिबाला त्याग शिकवला आणि श्रीमंताच्या ताटात जेवले, त्यांच्याबद्दल आपणही स्पष्ट बोललं पाहिजे.

मग गरिबाने काहीच सोडायचं नाही का? सोडायचं असतं, आणि आपल्या लोकांनी सोडलेलं आहे. आपल्या भोरवरून वरंधा घाट उतरला की महाड. १९२७ च्या मार्चमध्ये तिथे परिषद भरली आणि २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी हाती घेतलं गेलं, हे पोराबाळांना पाठ आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि दारोदारचे शिळे तुकडे सोडायला सांगितलं, हे आपण कमी आठवतो. विचार करा, पोटाला दुसरं काही नसताना ते सोडायचं! पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणलं. ज्या तुकड्यापायी आणि बलुत्यापायी आपली माणसं गावकीच्या दावणीला बांधली गेली होती, त्याचा मोह सुटल्याशिवाय मान ताठ होणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्या आज्या-पणज्यांनी जे सोडलं ते टिळकांच्या पगाराहून कमी नव्हतं. त्यांच्या नावाचं चरित्र कुणी लिहिलं नाही, एवढंच. म्हणजे त्याग हा श्रीमंतांचा शौक नाही. जे आपल्याला लाचार करतं ते सोडणं, हा गरिबाचाही त्याग आहे.

आता फरक सांगतो म्हणालो होतो. ख्रिस्ती माणूस सोडतो तो देवाच्या प्रेमापोटी. सगळं त्याचं आहे, मी फक्त राखणदार, ही त्याची भावना. आपण ईश्वर मानत नाही. आपल्याकडे पायाच वेगळा. सगळं अनित्य आहे, तृष्णा हे दुःखाचं मूळ आहे, हे समजून-उमजून सोडायचं. आणि भगवंतांनी अतिरेकही नाकारला. उरुवेलेला शरीर सुकवून त्यांनी स्वतः अनुभव घेतला आणि मग सुजातेची खीर स्वीकारली. म्हणून आपला मार्ग मध्यम. गृहस्थाला भगवंतांनी घर सोडायला लावलं नाही. जेतवन विहार दान देणारा अनाथपिंडिक शेवटपर्यंत गृहस्थच राहिला. त्याला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली. सचोटीने मिळवलेलं असण्याचं सुख, ते उपभोगण्याचं आणि त्यातून पुण्य करण्याचं सुख, कर्ज नसण्याचं सुख, आणि निर्दोष वागण्याचं सुख. सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक संसाराला, दोन कामधंद्याला, आणि एक अडीअडचणीसाठी राखून. यात कुठे गरिबीचं गुणगान आहे? पण ‘कर्ज नसण्याचं सुख’ यावर आज आपल्या वस्तीत किती जण हात वर करतील? लग्नात डीजे पाहिजे, जेवणावळ शेजारच्यापेक्षा मोठी पाहिजे, मोबाईल नवा पाहिजे, आणि मग हप्ते भरता भरता बाप म्हातारा होतो.

दुसऱ्यांना बोललो, आता स्वतःचं सांगतो. नाहीतर हे व्याख्यान पुरं होणार नाही.

आमचा रस्त्यालगत एक वडिलोपार्जित जिरायत तुकडा आहे. वडील गेल्यावर वारसांची नावं लावायची वेळ आली तेव्हा आत्याचाही हक्क निघत होता. ती नगरहून एसटीने आली, हक्कसोडपत्रावर सही केली, आणि आम्ही दिलेलं एसटीचं भाडंसुद्धा घेतलं नाही. ‘माझं काही अडलेलं नाही,’ एवढंच बोलली. तेव्हा त्या जमिनीला मोल नव्हतं. पुढे पुण्याची माणसं इकडे जमिनी बघायला येऊ लागली. गुंठ्याचे भाव ऐकून आम्ही आणि आमचे थोरले बंधू, दोघांचेही डोळे फिरले. चार गुंठ्यांच्या बांधावरून वाद झाला, दावा लागला. सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. याच विहारात बुद्धपौर्णिमेला एक भाऊ या भिंतीला, दुसरा त्या भिंतीला. तोंडाने त्रिसरण-पंचशील, आणि मनात तारीख! अदिन्नादानाचं शील म्हणताना आमची जीभ अडखळली नाही, हे सांगताना आज शरम वाटते.

मग आत्या वारली. दोघंही भाऊ नगरला गेलो, वेगवेगळ्या गाडीने. मातीला उभे राहिलो. घरी आलो तर कपाटात तोच पत्र्याचा डबा. त्या महिन्याचा दहावा हिस्सा त्यात टाकलेला होता. पेन्शन किती, औषधाला किती लागतं, याचा विचार न करता टाकलेला. तिच्या मुलाने तो न मोजता चर्चमध्ये नेऊन दिला. आम्ही दोघं भाऊ त्या डब्याकडे बघत बसलो. ज्या बाईने आख्खा हिस्सा सही करून सोडला, तिच्याच घरात चार गुंठ्यांसाठी भांडणारे दोघं! येताना थोरल्या बंधूंनी एसटीत शेजारी जागा धरून ठेवली. शिरूर येईपर्यंत कुणी बोललं नाही. शिरूरला ते उतरले, दोन चहा घेऊन आले.

सगळं मिटलं असं आम्ही म्हणणार नाही. दावा मागे घेतला आहे. मोजणी व्हायची आहे. मोजणीत जे निघेल ते दोघांनी मान्य करायचं, असं याच विहारात बसून ठरवलं आहे. मोह एका दिवसात जात नाही. सकाळी उठलं की पुन्हा तो बांध डोळ्यांपुढे येतो. पण येतो तेव्हा आता ओळखता येतो, की ही तृष्णा आहे, हा आपला हक्क नव्हे. एवढी प्रगती आहे.

शेवटी तीन छोट्या सूचना करतो आणि थांबतो. पहिली, प्रत्येक घरात एक डबा ठेवा. दहावा हिस्सा जमणार नसेल तर विसावा टाका, पण महिन्याच्या पहिल्या दिवशी टाका. त्यातून वस्तीतल्या मुलांच्या पुस्तकांची, परीक्षेच्या फीची सोय व्हावी. दुसरी, या विहाराच्या फरशीसाठी आम्हीही देणगी दिली आहे आणि पाटीवर नाव यावं अशी आमची फार इच्छा होती, हे कबूल करतो. समितीला विनंती आहे की ते नाव लावू नये. तिसरी, बहिणींनी सोडलेला हक्क हा भावांनी गृहीत धरू नये. देणारीचं मन मोठं असतं, म्हणून घेणाऱ्याचं लहान असावं असं कुठल्याही धर्माने सांगितलेलं नाही.

आत्या ख्रिस्ती होती, आम्ही बौद्ध आहोत. ती आपल्या देवासाठी सोडत होती, आम्हाला आमच्या समजुतीने सोडायचं आहे. पण हाताची मूठ सैल झाली की दोन्हीकडचा हात सारखाच दिसतो. 

भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय, जयभीम!